पहिलं लिनक्स कुठलं टाकायचं? आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा

लिनक्स टाकायचं ठरलं की पहिले आठ दिवस नुसते 'कुठलं टाकू' यातच जातात, स्वतःवरून सांगतोय. मी तेव्हा दहा-बारा व्हिडिओ बघितले, प्रत्येकात नवीन नाव, शेवटी ज्याचा डेस्कटॉप दिसायला सगळ्यात भारी होता ते टाकलं आणि तिसऱ्या दिवशी काढलं, कारण लॅपटॉपचं झाकण बंद करून परत उघडलं की स्क्रीन काळी ती काळीच, मग पॉवर बटण दाबून धरायचं आणि जे काम उघडं होतं त्यावर पाणी सोडायचं. गंमत म्हणजे हे इन्स्टॉल करायच्या आधीच पाच मिनिटांत कळलं असतं, पेनड्राइव्हवरून चालवून झाकण एकदा बंद करून बघितलं असतं तर. तेव्हापासून कोणी विचारलं की मी डिस्ट्रोचं (म्हणजे लिनक्सच्या तयार प्रकाराचं) नाव लगेच सांगतच नाही, आधी विचारतो मशीन कुठलं, त्यावर रोज काय करता, आणि अडलं तर विचारणार कोणाला.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी एवढंच: मशीन अगदी नवंकोरं नाही आणि अगदी म्हातारंही नाही, रॅम ४ जीबी किंवा जास्त आहे, तर लिनक्स मिंटची सिनॅमन एडिशन (सिनॅमन हे तिच्या डेस्कटॉपचं नाव) घ्या आणि सरळ खाली पेनड्राइव्हवाल्या भागावर जा. बाकीच्यांनी सगळं वाचा, कारण हे उत्तर कुठे चुकतं तेही सांगायचंय.

डिस्ट्रो बदलली की नेमकं काय बदलतं हे एकदा डोक्यात बसलं ना, की अर्धा गोंधळ तिथेच संपतो. लिनक्स हे खरं तर कर्नलचं नाव, लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये सुरू केलेलं, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा भाग. तो सगळीकडे तोच असतो, फक्त कुठे थोडा जुना कुठे थोडा नवा. त्याच्यावर कोणीतरी डेस्कटॉप, इन्स्टॉलर, सॉफ्टवेअर टाकायची सोय आणि अपडेटचं वेळापत्रक असं सगळं बांधून देतं, ती सगळी बांधाबांध म्हणजे डिस्ट्रो. नावं शेकडो आहेत पण घराणी मोजकीच. डेबियन १९९३ पासूनचं, त्याच्यावर २००४ मध्ये उबुंटू आलं, उबुंटूवर २००६ मध्ये मिंट, झोरिन आणि पॉप ओएस पण उबुंटूवरच उभे. त्यामुळे उबुंटूसाठी लिहिलेला उपाय बहुतेक वेळा मिंटवर जसाच्या तसा चालतो, आणि नवख्या माणसाला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, कारण अडलं की आपण नेटवर शोधणार आणि तिथे उत्तरं जास्त करून उबुंटूचीच सापडणार.

आता पहिलं काम. डिस्ट्रो बघायच्या आधी एक कागद घ्या आणि गेल्या महिन्यात कॉम्प्युटरवर काय काय उघडलं ते लिहा. ब्राउझर, व्हिडिओ, मेल, पीडीएफ, साधी टायपिंग एवढंच असेल तर कुठलीही डिस्ट्रो चालेल, काही बघायची गरज नाही. पण यादीत फोटोशॉप, ऑटोकॅड किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं डेस्कटॉप व्हर्जन असेल तर थांबा, यातलं काहीच लिनक्ससाठी येत नाही आणि डिस्ट्रो बदलून ते येणारही नाही. वाइन नावाची सोय आहे जिच्यातून विंडोजचे काही प्रोग्राम चालतात, पण ज्यावर तुमचं पोट आहे ते काम वाइनच्या भरवशावर ठेवू नका. साध्या वर्ड-एक्सेल फायली लिब्रेऑफिसमध्ये नीट उघडतात, गडबड होते ती मॅक्रो असलेल्या एक्सेलमध्ये आणि खूप सजवलेल्या वर्ड फायलीत, फॉन्ट बदलला की टेबल पुढच्या पानावर उडी मारतं. ब्राउझरमधलं ऑफिस चालतं, तेवढ्यावर भागत असेल तर उत्तम. गेमचं म्हणाल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानानं २०१८ मध्ये प्रोटॉन आणल्यापासून विंडोजचे ढीगभर गेम लिनक्सवर चालतात, फक्त व्हॅलोरंट, फोर्टनाइट असे ऑनलाइन गेम त्यांच्या अँटी-चीटमुळे (लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) चालत नाहीत, आणि तेही कुठल्याच डिस्ट्रोवर नाही.

मी लोकांना एक सांगतो जे फार कमी जण करतात: अजून विंडोजवरच असताना दोन आठवडे फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, गिम्प हेच वापरा. हे सगळे विंडोजवर पण मिळतात फुकट. दोन आठवडे सुखात गेले तर लिनक्सवर जाणं म्हणजे नुसती खालची जमीन बदलणं, वरची भांडीकुंडी तीच राहतात. आणि नाही जमलं तर एक पैसा न घालवता कळलं की अजून वेळ आहे.

दुसरं काम मशीन बघणं. सध्या बरेच जण इथे येतात ते विंडोज १० मुळे, त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ठरावीक प्रोसेसरच लागतो, म्हणून धडधाकट मशीन बाद ठरतं. असं मशीन लिनक्सला एकदम योग्य. मिंट स्वतः सांगतं की कमीत कमी २ जीबी रॅम पाहिजे आणि आरामात वापरायला ४, पण खरं सांगू का, रॅम खातो तो ब्राउझर. २ जीबीवर डेस्कटॉप हलका वाटेल, मग चार टॅब उघडल्या की मशीन मान टाकेल, आणि लोक म्हणणार लिनक्स स्लो आहे. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी साधी एसएसडी टाकली तर जो फरक पडतो तो कुठल्याही 'लाइटवेट' डिस्ट्रोनं पडत नाही, त्यामुळे चार हलक्या डिस्ट्रो आळीपाळीनं टाकून बघायच्या आधी ते करा. प्रोसेसर ६४ बिट आहे ना तेवढं बघा. ३२ बिटचे दिवस जवळपास संपले, उबुंटूनं डेस्कटॉपसाठी ते केव्हाच बंद केलं आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नं पण ३२ बिटचा इन्स्टॉलर देणं थांबवलं.

ग्राफिक्स कार्ड इंटेल किंवा एएमडीचं असेल तर काहीच करायचं नाही, ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. एनव्हिडियाचं असेल तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडून एक पर्याय निवडायचा की झालं, उबुंटूतही तसंच सोपं, पॉप ओएस तर एनव्हिडियासाठी वेगळी आयएसओ फाइलच (इन्स्टॉलची पूर्ण फाइल) देतं. फेडोरावर त्यासाठी जास्तीच्या रिपॉझिटरीत (सॉफ्टवेअरच्या साठ्यात) जावं लागतं, अवघड नाही पण पहिल्या दिवशी डोक्याला ताप.

आता डेस्कटॉप. रोज डोळ्यासमोर असतो तो हा, डिस्ट्रो बिचारी खाली राबत असते. सिनॅमन म्हणजे खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, विंडोजवरून आलेल्याला काही शिकवावं लागत नाही. केडीई प्लाझ्मा पण त्याच वळणाचा पण सेटिंगचं जंगल आहे, ज्याला प्रत्येक गोष्ट खाजवून बघायची सवय आहे त्याला स्वर्ग, आणि ज्याच्या हातून चुकून पट्टीच डिलीट होते त्याला नको. नोम वेगळ्या चालीचा, खाली पट्टी नाही, सगळं एका की वर उघडतं, आठ दिवस चिडचिड होते मग एकतर फार आवडतो नाहीतर कायमचा नावडता होतो, मध्ये काही नाही. एक्सएफसीई दिसायला जुनाट पण कमी रॅमवर निमूटपणे चालतो, मला तर त्याचं जुनाटपणच आवडतं, दर सहा महिन्यांनी काही हललेलं नसतं.

मग आता नावं. मिंट मी पहिलं का सांगतो, तर ते कोणावर काही लादत नाही. अपडेट मॅनेजर अपडेट दाखवतो पण तुम्ही सांगाल तेव्हाच टाकतो, टाइमशिफ्ट आधीपासून असतं म्हणजे सिस्टिमचा स्नॅपशॉट काढून ठेवायचा आणि काही बिघडलं की मागच्या तारखेला जायचं. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर आहे आणि २०२९ पर्यंत तिला अपडेट मिळणार.

उबुंटू स्वतः पण चांगलं आहे, नोम आवडला तर. त्याचे आकडे वाचायला शिका, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येतं ते एलटीएस, म्हणजे लांब सपोर्टवालं, त्याला ५ वर्षं सपोर्ट. मधली जी येतात त्यांना फक्त ९ महिने, ती नवख्यानं घेऊच नयेत, डाउनलोड पानावर मोठा आकडा दिसला म्हणून बरेच जण तेच उचलतात आणि वर्षाच्या आत 'सपोर्ट संपला' अशी पाटी बघतात. एलटीएस अगदी नवीन आलं असेल तर चार महिने थांबून त्याच्या पुढे .१ लागलं की घ्या, तोपर्यंत सुरुवातीचे किडे निघालेले असतात. उबुंटूवर लोकांची मुख्य तक्रार स्नॅपची, म्हणजे फायरफॉक्ससारखी सॉफ्टवेअर तिथे स्नॅप नावाच्या पॅकेजमध्ये येतात, सुरुवातीला ती उघडायला फार वेळ घ्यायची, आता बरीच सुधारली आहेत. मिंटनं स्नॅप बंद ठेवलंय आणि त्याच जातीचं फ्लॅटपॅक दिलंय. खरं सांगायचं तर नवीन माणसाला या भांडणात पडायचं कारण नाही.

झोरिन दिसायला सगळ्यात सुबक, एका क्लिकवर विंडोजसारखं वळण घेतं. त्याची प्रो एडिशन विकत मिळते पण त्यात जास्त करून आणखी वळणं आणि सॉफ्टवेअर असतं, फुकटवाली कोअर पुरते. घरातल्या मोठ्या माणसांसाठी मी दोनदा झोरिन टाकून दिलंय आणि 'हे काय नवीन' असा फोन आला नाही.

फेडोरा कोणासाठी, तर ज्याचा लॅपटॉप अगदी ताजा आहे. दर सहा महिन्यांनी नवीन येतं, कर्नलही ताजा, त्यामुळे या वर्षीचं वायफाय किंवा ग्राफिक्स तिथे आधी ओळखलं जातं. माझ्या त्या काळ्या स्क्रीनवाल्या लॅपटॉपवर शेवटी फेडोराच बसलं, नुसत्या नव्या कर्नलमुळे. पण प्रत्येक आवृत्तीला साधारण १३ महिनेच अपडेट मिळतात, म्हणजे वर्षातून एकदा तरी वर सरकावंच लागतं, आणि काही व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ चालवायला लागणारे भाग) कायद्याच्या कारणानं सोबत येत नाहीत, ते आपले आपण टाकायचे.

जुन्या मशीनला एक्सएफसीईवालं मिंट, झुबुंटू, लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स बघा. झुबुंटू-लुबुंटूला एलटीएसमध्येही ३ वर्षंच सपोर्ट असतो हे लक्षात ठेवा.

आणि आता काय टाकू नये. आर्च, जेंटू ही शिकायची साधनं आहेत, मजा येते, पण ज्या मशीनवर उद्या सकाळी काम करायचंय त्यावर नको. काली तर अजिबात नको. हॅकिंगचे व्हिडिओ बघून पोरं काली टाकतात आणि मग ब्लूटूथ हेडफोन का लागत नाही विचारतात. कालीच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की लिनक्सची ओळख नसलेल्यांनी किंवा रोजच्या डेस्कटॉपसाठी हे वापरू नका, आता याहून स्पष्ट कोण सांगणार.

दोन नावं शिल्लक राहिली की पेनड्राइव्ह काढा. ८ जीबीचा चालतो, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे तेव्हा आधी रिकामा करा. आयएसओ फाइल त्या डिस्ट्रोच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या आणि चेकसम (फाइल अस्सल आहे का ते तपासायला साइटवर दिलेला कोड) जुळवून बघा. कंटाळवाणं वाटतं, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटची साइट हॅक होऊन लोकांना बॅकडोर (चोरवाट) घातलेली आयएसओ मिळाली होती, तेव्हा दोन मिनिटं खर्च करा. मग रुफस किंवा बलेना एचरनं ती पेनड्राइव्हवर चढवा. दोन-तीन डिस्ट्रो बघायच्या असतील तर व्हेंटॉय टाका, त्यात आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या आणि चालू होताना मेनूतून निवडायचं. मशीन सुरू होताना एफ१२, एफ२, एस्केप किंवा डिलीट यातली कुठलीतरी की बूट मेनू उघडते, प्रत्येक कंपनीची वेगळी.

लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता नुसतं पेनड्राइव्हवरून, चालू झालं की वॉलपेपर बघत बसू नका. वायफाय जोडा, एक व्हिडिओ लावा, आवाज स्पीकरमधून येतो का, हेडफोन लावल्यावर तिकडे जातो का, काढल्यावर परत येतो का. माइकवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका, हे सगळे विसरतात आणि पहिल्या मीटिंगला कळतं. कॅमेरा. ब्राइटनेसच्या किज. टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल. ब्लूटूथ. दुसरा मॉनिटर वापरत असाल तर तो. प्रिंटर असेल तर एक पान. मराठी टाइप करायचं असेल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी लेआउट घालून एक ओळ लिहा, 'ज्ञानेश्वर' आणि 'ऱ्हस्व' नीट उमटले की बाकी सगळं उमटेल. आणि झाकण बंद करा, पाच मिनिटं थांबा, उघडा. माझ्यासारखं करू नका.

वायफाय दिसलंच नाही तर घाबरू नका, फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, जवळजवळ नेहमी लगेच नेट येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर त्या चिपसाठी काही शोधतो का ते बघा. काहीच नाही सापडलं तर दुसरी, जास्त ताजा कर्नल असलेली डिस्ट्रो लावून बघा. स्पीड मात्र लाइव्हवरून ठरवू नका, सगळं पेनड्राइव्हवरून वाचलं जातं म्हणून ते रेंगाळणारच.

सगळं चाललं आणि इन्स्टॉल करायची वेळ आली, तर त्याआधी फक्त चार गोष्टी. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर (भागावर) घेतलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. विंडोज सोबत ठेवायचं असेल तर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) काही बदललं की विंडोज ती ४८ आकडी की मागतं आणि तेव्हा ती त्याच लॉक झालेल्या मशीनमधल्या फाइलमध्ये असून उपयोग नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचं ड्राइव्ह लिनक्समधून लिहिता येत नाही. आणि पार्टिशन लहान करायचं ते विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच करा, मग इन्स्टॉलर 'विंडोजच्या शेजारी टाका' असं विचारतो तो पर्याय घ्या. 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय त्याच्याच खाली असतो, झोपेत असताना हे काम करू नका. सेक्युअर बूट (फक्त ओळखीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बहुतेकदा बंद करावं लागत नाही, मिंट, उबुंटू, फेडोरा तिन्ही त्याच्यासकट चालतात, फक्त एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल करून तोच पासवर्ड द्यायचा. ती स्क्रीन बघून घाबरून पुढे ढकललं की ड्रायव्हर चालत नाही आणि लोक डिस्ट्रोला शिव्या घालतात.

दोन्ही सिस्टिम ठेवल्या की विंडोजमध्ये घड्याळ काही तास पुढे-मागे दिसायला लागेल. मशीन बिघडलेलं नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं समजतं. लिनक्सलाच स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक ओळीची कमांड आहे, शोधली की सापडते.

इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या दिवशी अपडेट, ड्रायव्हर, आणि टाइमशिफ्टचा पहिला स्नॅपशॉट, एवढंच. मिंटमध्ये ते आधीपासून आहे, उबुंटूवर सॉफ्टवेअर सेंटरमधून किंवा टर्मिनलमधून टाकता येतं. लक्षात ठेवा टाइमशिफ्ट सिस्टिम वाचवतं, तुमचे फोटो आणि फायली नाही, त्याचा बॅकअप वेगळाच.

आणि पंधरा दिवसांनी दुसरं काहीतरी टाकायची खाज येणारच, सगळ्यांना येते. तेव्हा आधी बघा तुम्हाला नेमकं काय खुपतंय. दिसणं खुपत असेल तर आहे त्याच डिस्ट्रोवर दुसरा डेस्कटॉप टाकून लॉगिनच्या वेळी निवडता येतो, पुसायची गरज नाही. हार्डवेअर खुपत असेल तर मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये नवीन कर्नल निवडायची सोय आहे, आधी ती वापरा, आणि नवा कर्नल पटला नाही तर मशीन सुरू होताना ग्रबच्या (सुरुवातीला काय चालू करायचं ते निवडायच्या) मेनूत जुनाच परत निवडता येतो.